उद्याचे हीरो आपल्याच लोकलमधून जातात, बरं का!

मैत्रिणींनो, ‘मराठी सिनेमातला हीरो’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? उत्तर तुमच्या वयावर आहे. साठी ओलांडलेल्या असाल तर ‘मुंबईचा फौजदार’मधले उंचेपुरे रवींद्र महाजनी. पन्नाशीच्या असाल तर ‘अशी ही बनवाबनवी’तली (१९८८) ती धमाल चौकडी. चाळिशीच्या अलीकडच्या असाल तर ‘दुनियादारी’तला (२०१३) अंकुश चौधरी. आणि घरातल्या कॉलेजकन्यकेला विचारलंत, तर ती ‘सैराट’मधल्या (२०१६) परश्याचं नाव घेईल, नाहीतर ‘शी, आई, तो आता जुना झाला!’ असं म्हणून मोकळी होईल.

मग नवा कोण? उद्याचा हीरो कोण? हा प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही. मराठी सिनेमा चालतो की पडतो, हे बऱ्याच अंशी तुमच्याआमच्या तिकिटावर ठरतं. शिवाय ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यात निम्म्या इमारतींत तरी एखादा मुलगा असा असतोच, की जो एकांकिकेच्या तालमीहून रात्री उशिरा घरी येतो आणि आईनं झाकून ठेवलेलं ताट गार झालेलं असतं. तो मुलगा तुमचा असेल, पुतण्या असेल, भाचा असेल, नाहीतर समोरच्या वहिनींचा. त्याचं पुढे काय होणार, याची काळजी रात्री कूस बदलताना कुणाला असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून या लेखात पडद्यावरच्या तरुण नायकांची ओळख तर करून घेऊच, पण त्या झगमगाटामागचा हिशेबही जरा मांडून पाहू. आपण गृहिणी, हिशेब आपल्याला चांगला कळतो.

आपल्या गावातल्या शाळा

नट आकाशातून पडत नाही. त्याला कुठंतरी घडावं लागतं. आपल्याकडे अशी घडण्याची ठिकाणं भरपूर आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. लोकलच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात इतकी नाट्यगृहं असलेले भाग महाराष्ट्रात फार नाहीत.

पण खरी शाळा नाट्यगृहात नसते. ती असते कॉलेजच्या वर्गात, सुटीनंतर बाकं भिंतीला सरकवून केलेल्या तालमीत. कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना, शेजारच्या उल्हासनगरचं सी.एच.एम., या कॉलेजांतली मुलं आय.एन.टी.सारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची नावं घेतात ना, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आपल्या वेळच्या बोर्डाच्या निकालाएवढी धाकधूक असते. वर्षभरात निरनिराळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांची ‘सवाई’ स्पर्धा चतुरंग प्रतिष्ठान प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री भरवत आलं आहे. रात्रभर प्रयोग चालतात, उजाडता उजाडता निकाल! तिथं टाळी मिळाली की मुलाला वाटतं, जग जिंकलं.

ठाण्यात किरण नाकती यांनी सुरू केलेला अभिनय कट्टाही असाच. ना पडदा, ना तिकीट. समोर आजूबाजूची माणसं, आणि नवशिक्यानं उभं राहून काहीतरी करून दाखवायचं. चार लोकांसमोर पाय लटपटणं तिथंच संपतं.

आणि आपल्याकडे एक वेगळीच ‘स्क्रीन टेस्ट’ असते, ती विसरून कसं चालेल? दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याचा राममारुती रोड! नवे कुडते, भांग पाडलेले केस, आणि एकमेकांना ‘सहज’ भेटणारी मुलं-मुली. तिथले सगळेच हीरो असतात. पण फडके रोडवरचा हीरो आणि पडद्यावरचा हीरो यांत जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

कल्याणचा ललित

हा फरक कळायला सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या कल्याणचंच आहे. ललित प्रभाकर.

तुम्हाला तो पहिल्यांदा भेटला, तो बहुतेक तुमच्या दिवाणखान्यात. २०१३ च्या अखेरीस झी मराठीवर ‘जुळून येती रेशीमगाठी’ सुरू झाली आणि त्यातला शांत, समजूतदार आदित्य देसाई घराघरांतला जावई झाला. ‘असा नवरा मिळाला पाहिजे’ हे वाक्य त्या दोन वर्षांत मुलींनी जितक्या वेळा म्हटलं असेल, त्याहून जास्त वेळा त्यांच्या आयांनी म्हटलं असेल! प्राजक्ता माळीची मेघना रागावली, रुसली, रडली, तरी आदित्य आवाज चढवत नसे. बायकोचं मन जिंकायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो, एवढं साधं शहाणपण त्या पात्रात होतं.

पण हा मुलगा मालिकेतून एकदम उगवलेला नव्हता. त्याआधी त्यानं कल्याणच्याच ‘मिती-चार’ या नाट्यसंस्थेत काम केलं होतं. रवींद्र लाखे यांच्या या संस्थेचं नाव तुम्हाला मोठ्या पोस्टरवर दिसलं नसेल, कारण ही प्रायोगिक नाटकवाली मंडळी. अशा ठिकाणी मानधन नसतं, गर्दी नसते. सेट उचलायचा आपणच, झाडू मारायचा आपणच, आणि एका वाक्याचा अर्थ लागेपर्यंत ते वाक्य शंभरदा म्हणायचं. आई म्हणते, ‘अरे, यातून मिळतं काय?’ मिळतं ते त्या दिवशी दिसत नाही. लोणचं घातल्या दिवशी कुठं मुरतं? पण बरणीत काय चाललंय, ते पुढे ताटात कळतंच.

२०१७ मध्ये परेश मोकाशी यांच्या ‘चि. व चि. सौ. कां.’मध्ये ललित नायक म्हणून आला. सौरऊर्जेचं वेड असलेला सत्या आणि प्राण्यांची डॉक्टर असलेली, दूधही न घेणारी सावी. लग्नाआधी काही दिवस एकत्र राहून बघू, अशी अट मुलगीच घालते, आणि तीही दोन्हीकडच्या आईवडिलांना सांगून! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची इतकी गोड फिरकी क्वचितच कुणी घेतली असेल. त्यात ललितच्या वाट्याला मारामारी नव्हती, फेकायचे संवाद नव्हते. होता तो जरा अडखळणारा, जरा हट्टी, आपल्याच इमारतीत राहत असेल असा वाटणारा मुलगा. मृण्मयी गोडबोलेसमोर तो पुढे पुढे करत नाही, आणि म्हणूनच लक्षात राहतो.

गोपाळराव करायला धाडस लागतं

पण मला वाटतं, त्याची खरी परीक्षा १५ फेब्रुवारी २०१९ ला झाली. त्या दिवशी समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ प्रदर्शित झाला.

डॉ. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. औषधपाण्यावाचून मूल जातं, हे दुःख उरात धरून ही मुलगी १८८३ साली नवऱ्याविना बोटीनं अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात क्षयानं गेली. हे सगळं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

आता त्या गोपाळरावांची भूमिका विचारात घ्या. बायकोनं शिकावं म्हणून जगाशी भांडणारा माणूस; आणि अभ्यास टाकून ती स्वयंपाकघरात दिसली म्हणून तिच्यावर हात उचलणाराही तोच माणूस! त्याला देव करावा तर खोटं, राक्षस करावा तर त्याहून खोटं. दिसण्यातही नायकाचा थाट नाही. शिवाय सिनेमा अखेर आनंदीचा. भाग्यश्री मिलिंद ही तिथं मोठी होत जाते, आणि तिच्या नवऱ्याला पडद्यावर हळूहळू लहान होत जावं लागतं.

पुष्कळ नायक अशी भूमिका करायला कचरतील. ‘प्रेक्षकांना मी आवडलो नाही तर?’ ही भीती नायकाला सर्वांत मोठी. ललितनं ती बाजूला ठेवली. त्याच्या गोपाळरावांचा आपल्याला राग येतो, त्यांच्या हट्टाची भीती वाटते, आणि शेवटी त्यांच्यासाठी घसाही दाटून येतो. २०१९ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘आनंदी गोपाळ’चा गौरव झाला. कल्याणच्या मुलीची गोष्ट, आणि तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत कल्याणचाच मुलगा. योगायोग म्हणा, पण आपल्याला अभिमान वाटावा असा योगायोग आहे.

त्यानंतर तो एका ठशाच्या भूमिकांत अडकून बसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. २६ जानेवारी २०२२ ला आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ आला. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित. आपल्या डोंबिवलीत चक्क प्रेतं उठून माणसांमागे लागतात! हसता हसता तुम्ही नीट पाहिलंत तर त्यात टॉवरवाले आणि वस्तीवाले यांच्यातली दरीही होती. त्याच वर्षी मोहित टाकळकरांच्या ‘मीडियम स्पायसी’त तो हॉटेलातला शेफ झाला. पुरुषाच्या हातात झारा-उलथनं, त्यामुळे आपण पाहणारच! हेमंत ढोमे यांच्या ‘सनी’मध्ये तो परदेशी शिकायला गेलेला मुलगा होता, घरापासून दूर गेल्यावर घर काय असतं ते कळणारा. २०२५ मध्ये हृता दुर्गुळेबरोबर ‘आरपार’ आणि पाठोपाठ सतीश राजवाडे यांचा ‘प्रेमाची गोष्ट २’ आला.

म्हणजे तो सुपरस्टार झाला का? नाही, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागेल. त्याच्या नावावर पहाटेपासून तिकिटाच्या रांगा लागतात, असं अजून झालेलं नाही. पण ज्याच्यावर दिग्दर्शक अवघड भूमिका बिनदिक्कत सोपवतात, अशा मोजक्या नटांत तो नक्की आहे.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, त्याची तर पस्तिशी उलटली, हा कसला तरुण?’ बरोबर आहे. पण मराठी सिनेमात नायक उशिराच पिकतो. कॉलेज, मग चार-पाच वर्षं एकांकिका-नाटकं, मग मालिका, मग कुठं सिनेमात मुख्य भूमिका. तोवर तिशी येते. आपल्या डोंबिवलीचे भाऊ कदम ‘चला हवा येऊ द्या’मुळे घराघरांत पोचले तेव्हा तर चाळिशीच्या आसपास होते. घाईच्या माणसानं या वाटेला जाऊच नये.

पहिला सिनेमा गाजला, पुढे?

आता दुसऱ्या तऱ्हेची उदाहरणं पाहू. ज्यांच्याकडे यश विशीतच धावत आलं.

रवी जाधव हे दिग्दर्शक मूळचे डोंबिवलीकर. ‘नटरंग’, ‘बालगंधर्व’ करून झाल्यावर त्यांनी २०१३ च्या सुरुवातीला ‘बालक-पालक’ आणला. मुलं वयात येताना आईबाप गप्प का बसतात, हा आपल्या घरोघरचा अवघड प्रश्न. त्यात विशूची भूमिका करणारा प्रथमेश परब हा विलेपार्ल्याच्या डहाणूकर कॉलेजचा, एकांकिकेतून आलेला मुलगा. त्याच दिग्दर्शकानं वर्षभरात त्याला ‘टाइमपास’मध्ये (२०१४) दगडू केलं, आणि दगडूनं महाराष्ट्र डोक्यावर घेतला. गोरा नाही, उंच नाही, हीरोच्या कुठल्याच साच्यात न बसणारा मुलगा! केतकी माटेगावकरच्या प्राजूशी त्याचं जमावं म्हणून थेटरातल्या आज्यासुद्धा देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

पण पुढची गंमत पाहा. २०१५ मध्ये ‘टाइमपास २’ आला तेव्हा कथेतला दगडू मोठा झाला होता. म्हणून मोठ्या दगडूची भूमिका प्रियदर्शन जाधवनं केली. ज्या नावानं तुम्हाला जग ओळखतं, ते नाव पुढच्या भागात दुसऱ्याचं होतं! विशीतल्या मुलाला हे पचवणं किती जड गेलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. प्रथमेश थांबला नाही. ‘उर्फी’, ‘३५ टक्के काठावर पास’, ‘टकाटक’ असे चित्रपट करत राहिला, आणि २०२२ मध्ये ‘टाइमपास ३’त दगडू पुन्हा त्याच्याकडे आला. मधली ती सात-आठ वर्षं पोस्टरवर दिसत नाहीत. पण नट असतो तो त्या वर्षांत.

आकाश ठोसरचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. करमाळा तालुक्यातला कुस्तीचा नाद असलेला पोरगा. नागराज मंजुळे यांनी त्याला ‘सैराट’मध्ये घेतलं आणि २९ एप्रिल २०१६ नंतर त्याचं आयुष्यच बदललं. मराठी चित्रपटांच्या कमाईचे आधीचे सगळे आकडे ‘सैराट’नं मोडले. पण पहिल्याच चित्रपटाला एवढं यश मिळालं की दुसऱ्या चित्रपटाच्या मानेवर ते ओझं होऊन बसतं. महेश मांजरेकरांचा ‘एफयू’ (२०१७) आला, पण त्याला परश्याची सर आली नाही. पुढे ‘झुंड’मध्ये (२०२२) त्यानं चक्क खलप्रवृत्तीची भूमिका केली, आणि ती चांगली केली. मला ते शहाणपणाचं वाटलं. देखणेपणाच्या जिवावर चार वर्षं निघतात. नंतर काम शिकावंच लागतं.

मग स्टार म्हणायचं कुणाला?

ठाण्यातल्या ज्या नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव आहे, त्या नावाकडे जाता-येता एकदा थांबून पाहा. दातांचे डॉक्टर असलेला हा माणूस ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या झाला, आणि मराठी रंगभूमीला ‘स्टार’ या शब्दाचा अर्थ समजला. त्यांच्या प्रवेशाला नाट्यगृह दणाणून जायचं. पण व्यसन आणि बेबंद वागणं यांनी तो झरा लवकर आटवला. साठीही न गाठता १९८६ मध्ये ते गेले. २०१८ मध्ये त्यांच्या आयुष्यावर निघालेल्या चित्रपटात सुबोध भावे यांनी ही बाजू झाकून ठेवली नाही.

दुसरीकडे अशोक सराफ पाहा. नाटकाचा नाद होता, तरी कितीतरी वर्षं बँकेतली नोकरी सांभाळली. चेहरा रूढ अर्थानं नायकाचा नाही. पण पन्नास वर्षं लोकांनी जिवाभावाचा मानला. महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

टाळ्या दोघांनाही मिळाल्या. टिकाव कशानं लागतो, ते मात्र वेगळं काढून पाहावं लागतं. मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, समोरच्या नटाचं ऐकणं. पुढचा हीरो ओळखायचा असेल तर तो बोलत असताना पाहू नका. समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. दुसरी, नायिकेला मोठं होऊ देण्याची दानत. आणि तिसरी, पडलेल्या सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर पोचणं. ही तिसरी गोष्ट पडद्यावर दिसत नाही, पण पहिल्या दोन्हींचं मूळ तिच्यातच आहे.

आणि एक चौथी गोष्ट आहे, ती मात्र त्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ बायकांनी रडत रडत पुन्हा पुन्हा पाहिला. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला भिशीची, हळदीकुंकवाची, भजनी मंडळाची अख्खी मंडळं नटूनथटून गेली. आपण ठरवलं की सिनेमा महिनोन्‌महिने हलत नाही. मग हीच मंडळं एखाद्या नव्या नायकाचा चांगला सिनेमा लागल्यावर पहिल्याच आठवड्यात का जात नाहीत? ‘येईल की मोबाइलवर’ म्हणून आपण थांबतो. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की मल्टिप्लेक्सवाले सोमवारी खेळ कमी करतात, उरलेला खेळ दुपारच्या अडनिड्या वेळेला ढकलतात, आणि मग ज्यांना यायचं असतं त्यांनाही येता येत नाही. ‘मराठीत हीरोच नाहीत’ असं म्हणण्याआधी हे आपण आठवलं पाहिजे.

आणि आपल्या घरातला हीरो?

आता त्या गार झालेल्या ताटाकडे वळू.

मुलगा म्हणतो, ‘आई, मला ॲक्टिंगच करायचंय.’ वडील पेपरमागे तोंड लपवतात. आजी म्हणते, ‘लग्न कोण करून देईल याला?’ आणि सगळे तुमच्याकडे पाहतात. काय करावं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. सांगलीहून, लातूरहून, नागपूरहून नट व्हायला आलेल्या मुलाला मुंबईत पहिल्या दिवसापासून खोलीचं भाडं आणि खानावळीचा खर्च असतो. तो सहा महिन्यांत मेटाकुटीला येतो. आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला मात्र रात्री घरी यायला लोकल असते आणि घरी भात असतो. पूर्वी अंधेरीच्या ऑडिशनला जायचं तर दादरला गाडी बदलण्याची मारामार. २०१४ पासून घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी-वर्सोव्याला जाता येतं. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर तर किती मालिकांची चित्रीकरणं चालतात. म्हणजे आपल्या मुलाला मिळणारी सर्वांत मोठी शिष्यवृत्ती कुठल्या संस्थेची नाही. ती तुमच्या स्वयंपाकघराची आहे. या भागातून नट टिकून वर येतात, त्याचं एक कारण त्या झाकलेल्या ताटात आहे.

पण शिष्यवृत्तीला मुदत असते, अटी असतात. तशा याही असाव्यात. नाहीतर आईचं मन आणि घरातली पुंजी दोन्ही झिजतात, आणि कुणी बोलत नाही. म्हणून या काही गोष्टी घरात मोकळेपणानं बोलून ठरवा:

पदवी पुरी करायची. एकांकिकांची खरी संधी कॉलेजातच असते, त्यामुळे कॉलेज सोडण्यात नटाचंही नुकसानच आहे.

पदवीनंतर किती वर्षं घर पाठीशी उभं राहील, ते आकड्यात ठरवा. तीन म्हणा, चार म्हणा. त्या काळात ‘काय झालं रे तुझ्या सिनेमाचं?’ असं रोज विचारायचं नाही. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

त्याचबरोबर त्यानंही काहीतरी कमवायचं. शिकवण्या, आवाज देण्याचं काम, पडद्यामागचं साहाय्यकाचं काम, काहीही. सेटवर पडेल ते काम केलेल्या मुलाला कॅमेऱ्याची भीती राहत नाही.

‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे, नोंदणीसाठी इतके पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. खरं काम देणारा निर्माता नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही. फोटोंच्या अल्बमच्या नावाखाली हजारो रुपये उकळणारेही पुष्कळ आहेत. सुरुवातीला साध्या उजेडात काढलेले चार स्वच्छ फोटो पुरतात.

करार वाचल्याशिवाय सही नाही. मालिकेचं मानधन हातात यायला बहुधा तीन महिने लागतात. तेव्हा पहिली भूमिका मिळाली म्हणून लगेच मोटारसायकलचे हप्ते लावून घेऊ नयेत. दिवसाला बारा-बारा तास काम असतं, झोपेचं खोबरं होतं. डबा द्या, पण त्यात भजी-वडे नकोत. भाकरी, उसळ, ताक असं द्या.

आणि लग्नाचं स्थळ येईल तेव्हा मुलीपासून काही लपवू नका. उत्पन्न एक महिना भरभरून, तीन महिने काही नाही, हे तिला आधी कळलं पाहिजे. अनेक नटांच्या घरी चूल बायकोच्या पगारावर पेटत राहिली आहे, हे सत्य आहे. पोस्टरवर तिचं नाव नसतं. निदान सासूच्या तोंडी तरी असावं.

इतकं करूनही तो हीरो होईलच असं नाही. शंभरांतल्या नव्वदांचं नाव कधी मोठ्या अक्षरांत लागत नाही. पण मन लावून नाटक केलेला मुलगा वाया जात नाही, हेही तितकंच खरं. तो वेळेवर यायला शिकतो, दहा जणांत मिसळायला शिकतो, पराभव झाल्यावर दुसऱ्याच्या यशाला टाळी द्यायला शिकतो. लेखक होईल, दिग्दर्शक होईल, शिक्षक होईल, नाहीतर बँकेत जाईल आणि शनिवार-रविवार तालमी करील. बँकेतून रंगभूमीवर आलेल्यांची परंपरा आपल्याकडे काही लहान नाही!

तेव्हा मैत्रिणींनो, या हिवाळ्यात एक करा. एकांकिका स्पर्धांचे दिवस असतात. अत्रे रंगमंदिरात, गडकरीत किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरात एखादी स्पर्धा लागली की दोघी-तिघी मिळून जा. आपला मुलगा त्यात नसला तरी जा. समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उसन्या मिशा लावून म्हाताऱ्यांची कामं करत असतील, कुणाची मिशी मधेच सुटेल, कुणी वाक्य विसरेल. तुम्ही मात्र त्यांतला तो एक शोधा, जो दुसऱ्याचं वाक्य चालू असताना मनापासून ऐकतो आहे. सापडला की पडदा पडल्यावर मागे जाऊन त्याला सांगा, ‘छान केलंस हो, बाळा.’ आणि त्याची आई तिथंच कुठंतरी पर्स सांभाळत उभी असेल. तिलाही सांगा.